पहिल्या टोचणीत शीर

४ मार्च, सोमवार
नवा चष्मा मिळाला. गेल्या महिन्यात चक्कर आली तेव्हापासून एकाचे दोन दिसतात. डॉक्टर चक्करला स्ट्रोक म्हणतात. त्यांना मोठे शब्द आवडतात. काचेत प्रिझम आहे, सगळं जरा उजवीकडे सरकून दिसतं. म्हणाले, आधी हात चुकेल, डोळ्यांना चूक दिसेल, मेंदू शिकेल, मग हात ताळ्यावर येईल. पण चष्म्याची काढघाल नको आणि सध्या सुईला हात लावू नका. मी मान डोलावली. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतोय, आणि हे मला सुई शिकवणार!

५ मार्च
चहाचा कप धरायला गेलो, हात कपाच्या उजवीकडे. टेबल डगमगतं. संध्याकाळपर्यंत दहापैकी नऊ वेळा कप सापडला. मेंदू हुशार, आमच्या घराण्यातच आहे ते.

७ मार्च
लॅबमध्ये चष्मा लावणार नाही. साहेबांनी पाहिला तर नावं लिहायला बसवतील. एक डोळा मिटला की भागतं. आज तीन पेशंट, अकरा टोचण्या. लोक पाणीच पीत नाहीत, शिरा फुगत नाहीत, त्याला मी काय करणार?

१० मार्च, रविवार
उद्या हिचं रक्त. कॅन्सरचं औषध चालू आहे. सोमवारी रिपोर्ट बरा आला तरच मंगळवारी डोस. औषधाने शिरा पार बसल्यात, पण माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. वॉर्डभर सांगत सुटते, आमच्या ह्यांनी सुई टोचलेली कळतसुद्धा नाही. दिवसभर चष्मा लावून सराव केला. स्पंजखाली रबरी नळी, वीसपैकी वीस. उद्या बघाच म्हणावं.

११ मार्च, सोमवार
सकाळीही वीसपैकी वीस. लॅबच्या दारात चष्मा खिशात टाकला. पहिली टोचणी शिरेच्या डावीकडे. दुसरी, तिसरीही डावीकडे. हिच्यावर खेकसलो, हात हलवू नकोस. हलवला नव्हता. सहाव्या टोचणीला रक्त आलं, तेही चार थेंब. म्हणाली, नाही हो दुखलं. ओठ चावून पांढरा पडला होता.

१२ मार्च
रक्त कमी पडलं. रिपोर्ट नाही, डोस आठवडाभर पुढे. मशीनच भिकार आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला झापलं. म्हणे, चष्म्यातून बघताना डावीकडे जायला शिकलेला हात चष्मा काढल्यावरही डावीकडेच जाणार. अरे, मग सोपं आहे! पुढच्या वेळी दोन मिलिमीटर उजवीकडे धरायचं. कागदावर आकृती काढून ठेवली.

१८ मार्च, सोमवार
आकृती घेऊन वॉर्डात गेलो. रक्त आधीच काढून झालं होतं, सिस्टरनी काढलं. ही म्हणाली, तुम्ही कामात होतात ना, म्हणून. चार वेळा टोचलं हो त्यांनी, तुमच्या हाताची सर नाही.

नवी खूण एकच होती. बाजूला माझ्या सहा, अजून निळ्या. मी म्हटलं, सराव नसतो गं या लोकांना. ती हो म्हणाली. आठवडा माझ्यामुळे गेला. हे इथे तरी खरं लिहितो.

दुपारी रिपोर्ट बरा आला, उद्या डोस. फार बरं वाटलं. तिचा हात हातात घ्यावा म्हणून हात पुढे केला. चष्मा होता, नेमका पोचला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि मूठ आवळली.