बिनफटीची पेटी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. गुडघा वाकत नाही.)

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच बोलतेस. तुझ्या मटणाच्या दुकानाचा गाडीवाला इथल्या बाजारात माल उतरवून परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

बातमी अशी की तुझ्या भाच्याने माझी बदली केली आहे. परवा आला, करपलेलं पातेलं पाहिलं, फ्रिजमधली एक वाटी उघडून हुंगली आणि जाहीर केलं की तीन आठवड्यांत मोठी गाडी घेऊन येतो, बाबा, तुम्ही आता आमच्याकडेच राहायचं. खोली तयार आहे म्हणे. खिडकी कुठल्या बाजूला आहे असं विचारलं, तर ते त्याला आठवेना. माझी मागची शेड भाड्याने द्यायची हेही ठरवून आला होता. रंधे, पटाशा, शिकंजे कुठे जाणार, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

मी म्हटलं, येणार नाही. त्यावर तो म्हणाला की आई गेल्यापासून तुम्ही एक दिवस धड जेवला नाहीत, स्वतःपुरतं काही करून दाखवा, मग बोला.

तर दाखवणार आहे. तुझी भावजय मटण वाळवून ठेवायची, ते महिनाभर पुरायचं. मी आयुष्यभर नुसतं खाल्लं, बघितलं कधीच नाही. आता मी पेटी करून त्यात वाळवणार. पेटीची काळजी नको, ते माझं काम. मटणाचं काय करायचं तेवढं लिही.

लोभ असावा, उपदेश थोडा कमी असला तरी चालेल.
तुझा,
रंध्या


८ नोव्हेंबर

चि. रंध्यास,
अ. उ. आ. (यातले निम्मे त्या पातेल्याला.)

आधी उपदेश. पोरगा चुकीचं काय बोलला? तू मागच्या वेळी इथे आलास तेव्हा पँट सुतळीने बांधली होतीस. ज्या माणसाला स्वतःसाठी कुकर लावायचा कंटाळा, तो निघाला मटण वाळवायला. जा मुकाट्याने त्याच्याकडे. सून चांगली आहे, नातीला तुझा लळा आहे, आयतं ताट मिळेल. मी तुझ्या जागी असते तर केव्हाच गेले असते.

हे खोटं आहे, मी गेले नसते. तुझे मेहुणे गेले तेव्हा सगळ्यांनी मला दुकान विकायला सांगितलं होतं, आणि मी दुसऱ्या दिवशी सुरी परजून गल्ल्यावर बसले. पण माझ्या हाताला चव आहे, तुझ्या हाताला फक्त सरस.

आता कृती. गाडीवाल्याबरोबर मांडीचं मटण पाठवतेय, चरबी काढून, लांब पट्ट्या कापून. व्हिनेगर चोळ. मग मीठ, भरडलेले धणे, मिरे. आमचं दुकानातलं मटण टिकवायचं मीठ वेगळ्या पुडीत दिलंय, ते वजन करूनच घाल, पुडीवर लिहिलंय, अंदाजपंचे नको. रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी नीट पुसून आकड्यांना टांगायचं, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये. खाली एक बारका दिवा, आणि वारा हवा. उष्णतेने शिजवायचं नाहीये, वाऱ्याने वाळवायचं आहे. चिकट झालं, वास आला किंवा बुरशी धरली तर धुऊन-पुसून खायचं नाही, सरळ टाकायचं. एवढं माझं ऐक.

तब्येतीला जप. पँटला पट्टा घे.
तुझी,
ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा घेतला. आता पेटीचं ऐक.

सागाच्या जुन्या कपाटाच्या फळ्या होत्या, त्या रंधून घेतल्या. कोपरे खाचेत खाच बसवून जोडलेत, एक खिळा नाही. उंची माझ्या छातीपर्यंत. वर आडवी दांडी, तिला आकडे. खाली दिवा, त्यावर पत्रा, म्हणजे थेंब पडला तरी फुटायला नको. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा शेजारच्या वायरमनने आत बसवून दिला. तू वारा म्हणालीस ना, आत असा वारा सुटलाय की पट्ट्या डोलतात.

आणि दार! दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली आहे. लावलं की हलका सुस्कारा सोडून बंद होतं. कागद घालून पाहिला, कुठूनही आत जात नाही. गिऱ्हाईक म्हणायचं की माझ्या कपाटात मुंगी शिरत नाही; या पेटीत मुंगीचा विचारसुद्धा शिरणार नाही. वायरमन म्हणाला, मामा, हवेला एखादं भोक ठेवा. मी त्याला हाकलला. चाळीस वर्षं फटी बुजवण्यात घालवली, आता स्वतःच्या हाताने पाडू होय?

मटण पेटी होईपर्यंत बर्फाच्या कप्प्यात होतं, परवा मीठ-मसाला लावला, काल टांगलं. तुझा भाचा येत्या रविवारी येतोय, मोठी गाडी ठरवून. येऊ दे. पेटीचं दार उघडेन आणि एक पट्टी कापून त्याच्या हातावर ठेवेन. बोलायची गरजच पडणार नाही.

लोभ वाढवायला हरकत नाही.
तुझा,
रंध्या


१८ नोव्हेंबर

रंध्या,

आशीर्वाद नंतर. अरे गाढवा, मटणातून निघालेला ओलावा जायचा कुठे? तोच तोच दमट वारा तू आत गरगर फिरवतोयस! त्याला जायला वाट नको? खाली भोकं, वर भोकं, आत्ताच्या आत्ता पाड. भोकं ठेव असं मी लिहिलं नाही, कारण कोणी माणूस वाळवायची पेटी हवाबंद करेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आतलं मटण गेलं असं समज. म्हणून सोबतच्या डब्यात माझ्याकडचं वाळलेलं पाठवतेय, उत्तम झालंय. ते तुझ्या आकड्यांना टांग आणि रविवारी पोराला दाखव. मानी माणसासारखं परत पाठवू नकोस. मी बाजू बदलली आहे. काल त्याचा फोन आला होता, तुझं मन वळवायला सांगत होता. म्हणाला की आत्या, त्यांना आता काही जमणार नाही. हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की माझं डोकंच फिरलं. असं प्रेमाने मलाही सांगितलं होतं लोकांनी.

टांग आणि गप्प बस.
ताई


२३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय. बाबांनाही हे पत्र माहीत आहे. त्यांनीच गाडीवाल्याला थांबवून ठेवलंय.

मी काल पोचलो, तेव्हा बरोबर दोन हमाल आणि रिकामे खोके होते. बाबा शेडमध्ये होते. मला वाटलं, वाद होईल. त्यांनी मला पेटीपाशी नेलं आणि दार उघडलं. आत काहीच नव्हतं. नुसता वास होता, आंबट. सगळं मटण चिकट झालं, वर पांढरं धरलं, म्हणून पुरून टाकलं, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग स्वयंपाकघरातून तुमचा डबा आणला, समोर ठेवला आणि म्हणाले की हे तुझ्या आत्याचं आहे, हे टांगून तुला फसवायचं ठरलं होतं, खाऊन घे, फार छान आहे. हमालांनाही दिलं.

मी म्हटलं, बाबा, मग तेच ना, नाही जमलं. त्यावर ते चिडले नाहीत. त्यांनी ड्रिल उचललं, पेटीच्या पाठीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि भोकं पाडायला लागले. पहिल्या भोकाला त्यांनी डोळे मिटले होते, हे मी पाहिलं. भोकं पाडता पाडताच बोलत होते, माझ्याकडे न बघता. म्हणाले की तुझ्या घरी माझं काही बिघडलं तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघाल, आणि दुसऱ्या दिवसापासून मला त्या वस्तूला हात लावू देणार नाही. इथे बिघडलं, तर मी शिव्या देतो आणि पुन्हा करतो. जमतंय म्हणून मी इथे राहत नाही, असं म्हणाले. बिघडवायला स्वतःची जागा लागते. मग मला पेटी घट्ट धरायला सांगितलं, कारण ती हलत होती.

आत्या, मी धरली. दुसरं काय करणार होतो? हमालांना पैसे देऊन परत पाठवलं. खोके बाबांनी ठेवून घेतले, पुठ्ठा कामाला येतो म्हणून. शेड देणार नाही, असं भाडेकरूला मी कळवतो. दर रविवारी संध्याकाळी फोन उचलायचा, एवढं त्यांनी कबूल केलं आहे, तेही कुरकुरत.

तुम्ही रागावला असाल तर मला रागवा. ममता आहे तशीच असू द्या.
तुमचा,
भाचा


१४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या खेपेचं मटण परवा उतरवलं. बाहेरून काळं, आतून लालसर, कापलं की सुरीला ओल लागत नाही. पेटी चालते. पाठीमागून बघवत नाही, म्हणून भिंतीकडे पाठ करून ठेवावी म्हटलं, तर भोकं झाकली जातात. राहू दे तशीच उघडी.

एकच गोष्ट झाली. मीठ घातलं की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. तुझ्या पुडीतलं नाही, ते मोजूनच घातलं होतं, साधं. इतकं खारट झालंय की वायरमनने एक तुकडा खाऊन नळाला तोंड लावलं. पोराने काल फोनवर विचारलं, कसं झालं. मी सांगितलं, खाण्यासारखं नाही. तो हसायला लागला, मग मला म्हणाला की मला पाठवा. पाठवलंय.

गाडीवाल्याबरोबर मांडी पाठव. पुढची खेप सोमवारी टांगतोय.

लोभाचं तू बघ.
तुझा,
रंध्या