मापाखालचं टिंब

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. वाकायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केलेली नाही, पण मीच हल्ली वाकायच्या आधी दोनदा विचार करतो.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींना आता फोनची घंटा ऐकू येते का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण ठीक काहीच नाही. फोन का केला नाहीस असं विचारशील, तर फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस आणि तुझी भावजय शेजारी उभी राहून पहिल्या वाक्यात दुरुस्त्या सांगते. पत्रात निदान कंस तरी माझ्या मालकीचे असतात.

झालं असं की मागल्या मंगळवारी इस्पितळातली एक नर्सबाई दुकानात नव्या गणवेशाची फिटिंग बघायला आली होती. मी तोंडात सात टाचण्या धरून तिच्या बाहीची दुमड बसवत होतो. (टाचण्या तोंडात धरू नकोस असं तू मला पंधराव्या वर्षापासून सांगते आहेस. सगळं मान्य आहे, आत्ता नको.) एकाएकी छातीत अशी धडधड सुटली की हात हलला आणि टाचणी तिच्या दंडाला टोचली. ती ओरडली नाही. तिने माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, ही नाडी आहे की गंमत आहे?" मला बोलता येईना, कारण तोंडात अजून सहा टाचण्या होत्या. तिला वाटलं माझी वाचा गेली! मग काय विचारतेस, शेजारचा चष्मेवाला धावला, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई धावल्या. कुणी म्हणे हात वर करा, कुणी म्हणे हसून दाखवा. दातांत टाचण्या धरून माणूस कसा हसणार, तसा मी हसलो. चष्मेवाल्याने जाहीर केलं, "तोंड वाकडं झालं!" पुढच्या दहा मिनिटांत मी गाडीत होतो, गळ्यात टेप, आणि शेजारी एक बाही नीट आणि एक बाही लोंबती अशी नर्सबाई.

इस्पितळात छातीला वायरी चिकटवल्या आणि कागदाची पट्टी निघाली. ताई, पंचेचाळीस वर्षं मी शिवण बघतोय, मला कुणी समजावायची गरज नव्हती. एक टाका लांब, दोन आखूड, मध्येच एक सुटलेला. असली शिवण माझ्या दुकानातून बाहेर गेली असती तर मी ती उसवून परत शिवली असती. डॉक्टरीणबाई (आपल्या धाकट्या लेकीच्या वयाची असेल, पण डोळे तुझ्यासारखे, खोटं बोलायची सोय नाही) म्हणाली की हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरताहेत. त्यामुळे रक्त आत साकळतं, त्याची गुठळी होते, गुठळी निघाली की मेंदूत जाऊ शकते, आणि मग माणसाची एक बाजू जाते. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला घाम फुटला. मी विचारलं, असं का झालं? ती म्हणाली, "कारण एकच नसतं, काका," आणि तिने कागद पुढे ओढला.

तिथून माझी जी उलटतपासणी झाली ती शत्रूवर येऊ नये. रक्तदाब? मी म्हटलं, नाही. यंत्राने एकशे बहात्तर दाखवला. साखर, थायरॉईड? रक्त काढून नेलं, ते अजून कळायचं आहे. वय? एकसष्ट. वाढतं वय हेही एक कारण असतं म्हणे, म्हणजे जन्मतारीखसुद्धा आपल्यावर उलटते. दारू? मी म्हटलं, छे. तोवर येऊन पोचलेली तुझी भावजय खोकली. (दाजींच्या निवृत्तीच्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघं फक्त हवा खात होतो, हे तुला माहीत आहेच. दुसऱ्या दिवशी छाती फडफडत होती ती हवेनेच. पण डॉक्टरीणबाई म्हणाली की एकदम जास्त हवा खाल्ल्यानेही असं होतं.) घोरता का? मी नाही म्हणायच्या आत भावजयीने फोन काढला आणि माझं घोरणं सगळ्यांना ऐकवलं. बाकावरचा एक म्हातारा दचकून जागा झाला. घोरण्याचं काही नाही गं, मध्येच ती जी शांतता येते ना, श्वास थांबल्याची, ती ऐकून माझीच बोबडी वळली. रोज झोपेत हृदयाला हे सोसावं लागतं म्हणे.

मग गळ्याचं माप आलं. जाड गळ्याच्या माणसाचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून तिने विचारलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, सोळा. माझ्या शर्टाची कॉलर वहीत सोळाच लिहिलेली आहे. तिने मोजलं तर साडेसतरा. मी म्हटलं तुमची टेप ओढली गेली आहे, माझी घ्या. माझ्या टेपनेही साडेसतरा! आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला बाबांची पद्धत आठवते ना? गिऱ्हाईकासमोर आकडा कमी लिहायचा, ते खूश होतं, आणि आकड्याखाली हळूच टिंब द्यायचं. एका टिंबाचा एक इंच, अर्ध्या टिंबाचा अर्धा. कापताना तेवढं कापड जास्त धरायचं. मी माझंही माप वर्षानुवर्षं तसंच लिहिलं, टिंबं दिली, बरोबर कापलं आणि मनात मात्र सोळाच धरून बसलो. कमरेचं विचारू नकोस, तिथे चार टिंबं आहेत.

आता खरी चिंता. तिने रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. उशीर करू नका, धोका गुठळीचा आहे, असं तीन वेळा बजावलं. आज नववा दिवस, पाकीट मशीनच्या खणात तसंच आहे. मला दिवसातून दहा वेळा सुई टोचते, रक्त पातळ झालं तर गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शर्टांचं काय होईल, असं मी घरी सांगितलं आहे. चहा कमी केला, मीठ कमी केलं, संध्याकाळी चालतो आणि दर कोपऱ्यावर नाडी मोजतो. (मोजायला लागलो की ती जास्तच बिघडते.) तू काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ही गोष्ट घराण्यातही असू शकते म्हणे. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. तेव्हा तू छातीची पट्टी काढून घे. माझ्या वहीत तुझ्या ब्लाउजलाही तीन टिंबं आहेत. रागावू नकोस.

ता. क. २. तिने शेवटी विचारलं, "वडील कशाने गेले?" मी सांगितलं, म्हातारपणाने. चोपन्नाव्या वर्षी! भावजय छताच्या पंख्याकडे बघत बसली. ताई, तुला तो दिवस आठवतो. मी बावीस वर्षांचा, अक्कल शिकवणारा. टिंब म्हणजे लबाडी असं म्हणत मी बाबांना धडा शिकवायला एका गिऱ्हाइकाचा कोट मुद्दाम टिंब सोडून कापला. कोट अंगात जाईना. बाबा ओरडले, मी त्यांच्यावर दुप्पट ओरडलो आणि ते हातात कात्री घेऊन कापायच्या टेबलाशेजारीच कोसळले. उजवी बाजू गेली, चौथ्या दिवशी संपलं. आपले काका सगळ्यांसमोर म्हणाले, पोराने बापाचा जीव घेतला. तू कधी तसं म्हणाली नाहीस, पण नाही असंही म्हणाली नाहीस. एकोणचाळीस वर्षं मी टिंबं देतोय. आता ही बाई म्हणते, कारण एकच नसतं, आधीपासून बरंच काही साठत येतं. त्यांच्याजवळ तू जास्त असायचीस. त्याआधी त्यांची छाती कधी फडफडायची का गं? हात ठेवून बसायचे का? एवढंच विचारायचं होतं. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितेय, तुमची भावजय. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. सुई-बिई सगळं झूट आहे. ताईचं उत्तर आल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणून बसलेत. बापाचा जीव घेतला असेल तर मला कशाला जगायचंय, असं परवा भांडी लावताना बोलून गेले. उत्तर आजच्या आज लिहा. आठवत असेल तर खरं लिहा. आठवत नसेल तर फडफडायची असंच लिहा. पण जे लिहाल त्याच्याखाली टिंब देऊ नका, ह्यांना ते दिसतं.