मिशीची पैज आणि लॉनचं यंत्र

बाबा, आज सकाळी मी तुमचा फोटो भिंतीवरून काढला आणि काचेवर व्हाइटनर फासून तुमची मिशी झाकून टाकली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अमरावतीच्या ज्या लग्नाच्या लॉनवर तुम्ही जन्मभर माळी होतात, तिथलीच गोष्ट. मी अकोल्याहून शेतीची पदविका घेऊन नुकतीच परतले होते. गवत पिवळं पडत होतं आणि तुम्ही त्यावर पाणी ओतत होता. मी खाली बसून गवत बोटांनी फाकवून दाखवलं. मुळाशी मेलेल्या काड्यांचा दोन बोटं जाड थर होता, पाणी त्यातच अडत होतं, खालची माती कोरडी. हे खरवडून काढायला हवं, म्हटलं. निंदणाऱ्या बाया होत्या, मालक उभा होता. तुम्ही माझ्या हातातलं दाताळं हिसकावलंत. "दोन बुकं वाचली अन् बापाले शिकवून राहिली काय वं? तुह्या हातानं हे लॉन सुधरलं तं मिशी उतरोईन मी!" बाया हसल्या, मालकही हसला. त्या दिवशी मी जेवले नाही आणि तुम्ही विचारलंही नाही.

यंदा त्याच मालकाचा फोन आला. "ताई, लॉनचं पार घोंगडं झालं. तुमीच पाहा आता." मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला जाऊन खरवडणीचं यंत्र घेतलं, स्कॅरिफायर म्हणतात त्याला. दुकानातले चाचा तारेच्या दातांचं यंत्र पुढे करत होते. "बेटी, हे घे, हाताले हलकं हाय." मी म्हटलं, "चाचा, अंगणातला तुकडा नाही, हजार माणूस बसते तिथं." तारेचे दात वरवरचा पाचोळा काढतात. आपल्या दाट दूर्वेला पोलादी पाती लागतात, आणि ती किती खोल जातील ते ठरवणारा खटका. विजेवरचं घेतलंच नाही, एवढ्या लॉनवर वायर कधी पात्यात सापडेल नेम नाही. पेट्रोलचं घेतलं.

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, लॉन मोकळं असतं. मला ते पितृपक्षाच्या आत हिरवं करायचं होतं. तुमचं पान वाढेन तेव्हा कावळा होऊन का होईना, पाहा म्हणावं. म्हणून पावसाची झड उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी यंत्र घातलं, पाती सगळ्यात खाली. निंदणारी बाई म्हणाली, "बाई, माती ओली हाय अजून." मी ऐकलं नाही, मी कुणाची मुलगी आहे! काळ्या मातीचा चिखल पात्यांना चिकटला आणि दूर्वा मुळासकट गोळ्या-गोळ्यांनी वर आली. दोन खाटा मावतील एवढं टक्कल पडलं. तेव्हा तुमचं बोलणं कानात आलं, नको असताना आलं. "वाफसा आल्याबिगर मातीले हात लावाचा नाही."

मी यंत्र बंद केलं. आठ दिवस रोज सकाळी तुमच्यासारखीच मूठभर माती दाबून पाहिली. मुठीत गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, तसा वाफसा आला तेव्हा गवत बारीक कापलं, पाती मातीला जेमतेम टेकतील इतकी वर घेतली, एकदा उभं, एकदा आडवं फिरवलं. मेलेल्या काड्या निघाल्या त्या ट्रॉलीभर. चाळलेलं शेणखत टाकलं, टकलावर दूर्वेची बेणी लावली. महिन्याभरात मालक चपला काढून त्यावर चालायला लागला. मी विचारलं, "बाबा मिशीचं काय म्हणले होते, आठोते का?" त्याला काहीच आठवत नव्हतं.

वाफशाचं मी त्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. आत्ता तुमचं पान वाढण्याआधी काचेवरचं व्हाइटनर नखाने खरवडलं, पण अर्धंच. उरलेली अर्धी मिशी मी जिंकले आहे, ती काही परत मिळणार नाही.