सतरा नंबरची बाटली

सेमाफोर, १४ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप नोरीनताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर आता फक्त कागदावरच वाकते, पण नमस्कार खरा आहे). दाजींचा नवा गुडघा कसा आहे? होबार्टात बर्फ पडल्याचं बातम्यांत दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा तो गुडघाच आठवला, मग तू. मी बरा आहे. ‘बरा’ हा शब्द हल्ली मी जपून वापरतो, कारण गेले नऊ आठवडे दर मंगळवारी इस्पितळात मला विचारतात, “बरे म्हणजे किती बरे?”

त्याचं असं झालं. जूनमध्ये डॉक्टरने माझं रक्त तपासलं आणि यकृताविषयी असं काही सांगितलं, की त्यावर नीट विचार करायला मला सरळ पबमध्ये जाऊन बसावं लागलं. तिथे मर्व टिल्ब्रुक होता (गोदीत बावीस वर्षं माझ्या क्रेनखाली उभा राहून अजून जिवंत असलेला तो एकटाच). त्यानेच बातमी आणली. उदास माणसांना देतात ती गोळी दारू सोडायला उपयोगी पडते का, याची इस्पितळात चाचणी चालली होती आणि त्यांना साठ पिणारे हवे होते. पोर्ट अ‍ॅडलेडमध्ये फक्त साठ! आमची दोघांचीही निवड झाली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये नुसती भुकटी. कोणाला काय मिळालं ते आम्हालाही माहीत नाही आणि देणाऱ्या नर्सलाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. माझा सतरा, मर्वचा एकतीस. सोबत दुष्परिणामांचा कागद होता. तो सकाळी वाचला आणि दुपारपर्यंत त्यातले सात मला झाले. आठवा फक्त बायकांना होतो, म्हणून राहिला.

ताई, सांगायची गोष्ट ही की माझी दारू थांबली. पहिल्या आठवड्यात कमी, तिसऱ्यात बंद. मी सगळीकडे सांगत सुटलो की सतरामध्ये खरा माल आहे. मर्वची मात्र होती तशीच चालू. त्याच्या लेकीने, जनीनने, त्याला बजावलं होतं, “बाबा, तोंडाला वास असेल तर बाळाला हात लावायचा नाही.” बाळ सात महिन्यांचं झालं तरी त्याने ते लांबूनच पाहिलेलं. सहाव्या आठवड्यात तो माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “क्लॅरी, तुझं काम झालंय. आता ती बाटली मला दे.” मी म्हणालो, “आणि माझी सुटलेली परत धरली तर?” तो म्हणाला, “तुला कुठे नातू आहे?” हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो लिंबाच्या झाडाकडे बघत बसला. मी आत जाऊन बाटली आणली. रागाने आणली, पण आणली.

त्या संध्याकाळी मला जी तहान लागली! मर्वने बदल्यात दिलेल्या एकतीसमधली कॅप्सूल गिळली (गव्हाच्या पिठाचीच चव लागली, शपथेवर सांगतो) आणि चार संत्री खाल्ली. पावणेसहाला, म्हणजे पबच्या वेळेला, मर्व दारात. “तू जातोयस की काय, ते बघायला आलो.” मीही नेमकं तेच बघायला त्याच्याकडे निघालो होतो. मग तो रोज यायला लागला. आम्ही पत्ते खेळायचो, तो लबाडी करायचा, मी भांडायचो, साडेआठला तो घरी. असे सोळा दिवस गेले आणि दोघांनीही थेंब घेतला नाही. मधल्या एका रविवारी जनीनने त्याचं तोंड हुंगलं आणि बाळ त्याच्या हातात दिलं. त्याने ते वीस मिनिटं असं धरलं होतं म्हणे, जणू क्रेनवरून उतरवलेली काच.

काल मात्र पकडले गेलो. उरलेल्या कॅप्सूल मोजायला बाटल्या न्यायच्या असतात, आणि हा शहाणा माझीच बाटली घेऊन वूलाबाईंपुढे उभा राहिला. (वूला म्हणजे आमची नर्स. ग्रीक आहे, आवाज बंदरापर्यंत जातो.) “टिल्ब्रुक, सतरा तुमच्याकडे कशी?” मर्वला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते ओरडले नाहीत, नुसते बसले. म्हणाले, “साठात माझी दोन माणसं गेली. त्यातून तुमचं काय औषधाने सुटलं आणि काय पत्त्यांनी, हे आता देवालाही सांगता येणार नाही.” कोणाच्या बाटलीत काय होतं ते चाचणी संपल्यावर, पुढच्या वर्षी कळेल. आम्हाला चाचणीतून काढलं. मला खरंच वाईट वाटलं, ताई. ती माणसं चांगली आहेत आणि आम्ही त्यांचं काम नासवलं.

निघताना वूलाबाईंनी मला थांबवलं आणि माझे नऊ आठवड्यांचे कागद टेबलावर मांडले. त्यात दर वेळी वीस प्रश्न असतात: उदास वाटतं का, झोप लागते का, रडू येतं का. मी सगळीकडे शून्य लिहिलं होतं. म्हणाल्या, “मिस्टर पॅस्को, इतका सुखी माणूस मी ग्रीसमध्येसुद्धा पाहिला नाही. मग पीत कशाला होता?” मी टोपी घातली आणि बसस्टॉपवर आलो.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा,
क्लॅरी

ता. क. ‘थेंब घेतला नाही’ असं वर लिहिलंय, ते कालपर्यंतचं. काल बसमधून उतरल्यावर बिअरचे दोन ग्लास घेतले. तिसरा मागवला, तो तसाच सोडून आलो.

ता. क. आज सकाळी मी परत गेलो. आता चाचणी नाही. खरी गोळी, नाव लिहिलेली, देतील, पण आधी मी कसा आहे ते सांगणारं घरचं कोणीतरी हवं. मी तुझा नंबर दिला. वूलाबाई सोमवारी फोन करतील. माझी बेरिल वारली त्या आठवड्यात तू इथे होतीस. तिचा झगा घेऊन मी न्हाणीघरात आतून कडी लावून बसलो होतो, ते त्यांना सांग. मी आजही प्रयत्न केला, पण माझ्या हातून शून्यच लिहिलं जातं.