चपलांवर नजर ठेवणारा द्वारपाल

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कारखान्यात सगळीकडे दगडाच्या कपच्या पसरल्या आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात नुसता वाकलो आहे; तो साष्टांग समजून घ्यावा.) गुडघा कसा आहे? ताईकडे करमतं का? तुम्ही तिच्या नव्या ओट्याचा दगड बोटाने वाजवून पाहिलात आणि जावयांसमोरच "पोकळ आहे" असं जाहीर केलंत, हे मामींकडून फोनवर कळलं. म्हणजे तब्येत उत्तम आहे. ऐकून बरं वाटलं.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे मी आहे, छिन्न्या आहेत आणि किनाऱ्यावरच्या देवळाचं काम आहे. तुम्हाला आठवत असेल, तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना द्वारपाल आहेत. डावीकडचा भिंतीच्या आडोशाने सुखरूप राहिला. उजवीकडच्याला खाऱ्या वाऱ्याने नाकापासून खायला सुरुवात केली ती थेट गुडघ्यापर्यंत. (जांभ्याचा उंच चौथरा, पाऊस निथळावा म्हणून उतरतं छप्पर, एवढा विचार करणाऱ्यांनी नेमका वाऱ्याच्या तोंडी मऊ दगड का दिला, असं मी देवस्थानाच्या अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "बांधणारे भेटले की विचारतो.") नवा द्वारपाल काळ्या दगडात करायचं ठरलं. मी डाव्याच्या अंगावर कागद धरून खाका काढला, तो दगडावर चिकटवला आणि दोन महिने मान वर न करता ठोकत बसलो. कंबरेची लचक, गदेवरची मूठ, माळेतला एकेक मणी, सगळं खाक्याशी तंतोतंत. पाठ थोपटायला कुणी नव्हतं, म्हणून माझी मीच थोपटून घेतली.

मग साखळीच्या कप्पीने मूर्ती जागेवर उभी केली आणि सगळे एकदा डाव्याकडे, एकदा उजव्याकडे बघू लागले. मामा, खाका उलटा करायचा राहिला. इतकी वर्षं मी खळ लावायचो आणि कागद तुम्ही उलटा करायचात. यंदा मी फक्त खळ लावली. त्यामुळे डावा दाराकडे झुकतो आणि हाही त्याच बाजूला झुकतो, म्हणजे देवाकडे पाठ करून सरळ चपलांच्या स्टँडकडे बघतो. पुजारीबुवांनी अगदी शांतपणे विचारलं, "याची हरवली आहे का?"

गंमत पुढेच आहे. त्या दिवसापासून देवळातून एकही चप्पल चोरीला गेलेली नाही. मूर्तीला अजून डोळे काढलेले नाहीत, तरी ही जरब! पुजारीबुवा बेहद्द खूश आहेत (त्यांचे स्वतःचे दोन जोड गेले होते). अध्यक्ष मात्र अडून बसले आहेत. देवाच्या दारात देवाकडे पाठ चालणार नाही. निदान नजर तरी दाराकडे वळवा, नाहीतर सोमवारी मूर्ती उतरवून परसात ठेवू, म्हणतात. यंत्राने दगड कोरणारे एक गृहस्थ येऊन गेले, अर्ध्या तासात डोळे काढून देतो म्हणाले. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. अंग चपलांकडे आणि नजर तिरकी दाराकडे, असले डोळे काढणं यंत्राचं काम नाही. माझंही नाही. कागदावर चाळीस वेळा काढून पाहिले. कधी तो चकणा दिसतो, कधी जांभई आवरत असल्यासारखा.

असो. निभेल काहीतरी. तुम्ही यायची मुळीच गरज नाही. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. : हे पत्र मामींसमोर वाचावं, म्हणजे फाडता येणार नाही.

आणखी एक ता. क. : "मुळीच गरज नाही" हे खोटं आहे. चार गिऱ्हाइकांसमोर मी तुम्हाला "हात थरथरतो, आता बसा" म्हणालो आणि तुम्ही छिन्नी खाली ठेवून ताईकडे निघून गेलात, त्याला सहा महिने झाले. चुकलो, मामा. तुमच्याशिवाय कारखान्यात बसवत नाही. शनिवारपर्यंत या.

शेवटचा ता. क. : डोळ्यांच्या जागी जवभर दगड जास्त राखून ठेवला आहे. हात थोडा हलला तरी पुरेल. कागद चिकटवताना माझं सगळं लक्ष त्या जवभर जागेवर होतं, म्हणूनच तो उलटा करायचा राहिला.