बेगडाच्या ढगातले काळे यान

मी, एकनाथ महिपती गावडे, वय एकवीस, मूळचा कुंभारीचा, हल्ली शुक्रवार पेठेत खोली करून राहणारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. लवकर तापते, ती गोष्ट वेगळी. परवा फौजेच्या सिग्नल दलात ट्रेनिंगला जबलपूरला निघतो. पुढे कुठे पाठवतील सांगता येत नाही.

१. सायकल व जमिनीतला माझा हिस्सा वडिलांचा. "फौजेत तरी कुणाचं ऐकशील," असे ते म्हणाले. ऐकीन.

२. कॉलेजातल्या प्राध्यापकांना काहीही देऊ नये. त्यांनी भर वर्गात माझ्या खेळाचा पट फाडला, मी त्यांच्या टेबलावर शाई ओतली आणि कॉलेज सोडले. फिटंफाट.

३. अंतराळातल्या यानांच्या लढाईचा मी रचलेला खेळ, नवा पट, फासे व काळे यान घरमालकांचा मुलगा नंदू यास. बचावाचे नियम त्याने बदलू नयेत. दर डावाला यानाला दहा भाग शक्ती. तोफांना दिली की ढालीला उरत नाही. ढालीला सहा बाजू. नंदू सगळी शक्ती समोर लावतो आणि मागून मार खातो. उष्णतेच्या मागावर येणाऱ्या अग्निबाणापुढे नकली यान सोडावे. असतो नुसता तापलेला डबा, पण बाण फसतो. तरी आलाच, तर छोट्या तोफांनी पाडावा. फासा पाच किंवा सहा पडला तरच.

रडारला फसवायला बेगडाचे तुकडे उधळावेत. यान पुढे जाते, बेगड मागे राहते, असे मी धरले होते. लाल यान खेळणारी व्यक्ती म्हणाली, "आरं, तितं हवा न्हाय. ते मागं कशानं ऱ्हाईल? इंजिन लावलं न्हाईस तर तुझ्यासंगंच येतंय की!" मी पट उधळला. दुसऱ्या दिवशी नियम तिच्या म्हणण्याप्रमाणे केला : वेग बदलेपर्यंत ढग सोबत, आणि आतल्यालाही बाहेरचे दिसत नाही, संदेश ऐकू येत नाही.

तिचे लग्न ठरल्यापासून दोन्ही यानं मीच खेळतो. नकली यान कुठले, ते मला आधीच ठाऊक असते.

४. लाल यान त्या व्यक्तीला, गुपचूप. नाव लिहीत नाही. दिवाळीनंतर तिला मोडनिंबला द्यायची आहे. परक्याच्या मृत्युपत्रात नाव निघाले तर सासरचे जगू देणार नाहीत. माझे तिच्यावर प्रेम आहे. तोंडाने सांगायला गेलो की आवाज चढतो, म्हणून लिहिले.

५. जादा कलम. नंदू सही करत असताना त्याची बहीण आली आणि उभ्याउभ्या सगळे वाचले.

"व्यक्ती काय रं? मला नाव न्हाय व्हय?"

मी कागद ओढला. तिने सोडला नाही.

"दुसरी सही कुणाची?"

"शेजारचा शिवशरण येणार हाय."

"मी करती."

"साक्षीदाराला काही देऊ नये म्हणत्यात. यान मिळणार न्हाय."

"ऱ्हाऊ दे यान. पेन दे."

"अक्का, आई बगंल," नंदू म्हणाला.

"बगू दे की."

सबब कलम चारमधील लाल यानाची देणगी रद्द. नंदूही साक्षीदार, म्हणून त्याचा खेळ आजच त्याच्या हातात दिला. बाकीचा मजकूर तिने खोडू दिला नाही.

लिहून ठेवणार : एकनाथ महिपती गावडे

साक्षीदार :
१. नंदकुमार कोंडीबा माळवदे
२. गोदावरी कोंडीबा माळवदे

शुक्रवार पेठ, सोलापूर
१७ ऑगस्ट १९७४