कानात सांगितलेलं नाव

सोनाळा, रविवार संध्याकाळ

भावाच्या मुलीचं आज बारसं झालं. आत्या म्हणून कानात नाव सांगायचं काम माझं. बाबांनी माझं नाव यशोधरा ठेवलं, तसं मी हिचं संघमित्रा ठरवलं होतं, आपलं बौद्ध नाव. श्रीलंकेतही मुलींचं हे नाव ठेवतात. भावानं मोबाइलवरून मायरा काढलं. लॅटिनमध्ये अर्थ अमुक, अरबीत तमुक.

मी विचारलं, "अन् आपल्यात?"

"आपल्यात काहीच नाही, ताई. म्हणूनच ठेवून राह्यलो. नावावरून कोणाले जात कळू नये, बस."

बाबा पाळण्याजवळच होते. दोरी ओढत राहिले. मी वाकले तेव्हा ओठांवर संघमित्राच होतं. सांगितलं मायरा.

भांडायचं तरी कोणत्या तोंडानं? बुलढाण्यात खोली घेताना मीच नाव आशा सांगितलं होतं. घरमालकीण अजून आशाच म्हणते, अन् मी ओ देते.